रोजचा एक रुपया : मुलींच्या उपस्थिती भत्त्यामागची गोष्ट

लेक लाडकी योजनेचे हप्ते आता गावोगाव तोंडपाठ झाले आहेत. जन्माला ५,०००, पहिलीला ६,०००, सहावीला ७,०००, अकरावीला ८,००० आणि अठरा पूर्ण झाली की ७५,०००. पण मुलीनं शिकावं म्हणून सरकारनं पैसे मोजायला २०२३ मध्ये सुरुवात केली, असं मात्र नाही. त्याच्या तीस वर्षं आधीपासून जिल्हा परिषदेच्या शाळांत एक रक्कम ठरलेली होती. दिवसाला एक रुपया.

हा उपस्थिती भत्ता ३ जानेवारी १९९२ पासून लागू झाला. तारीख तीच का, हे मराठी वाचकाला सांगायला नको. दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या, प्रामुख्यानं अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींसाठी ही योजना होती. शाळेत आल्याच्या दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. अट एकच, ७५ टक्के हजेरी. १९९१ च्या जनगणनेत राज्यातल्या स्त्रियांची साक्षरता ५२ टक्क्यांच्या आसपास भरली होती, त्यानंतरचं हे पाऊल.

तेव्हा पोस्टकार्ड १५ पैशांना मिळायचं. रुपया अगदीच क्षुल्लक नव्हता, पण धाकट्या भावंडाला कडेवर घेणाऱ्या मुलीच्या कामाची भरपाई त्यात होत नव्हती, हेही खरं. माझ्या मते त्याचा उपयोग वेगळा होता. दारात उभं राहून पोरीच्या आईशी काय बोलावं, याचं एक निमित्त गुरुजींना आणि बाईंना मिळालं. पुढचा विषय मग आपोआप निघायचा.

शिक्षणाशी रुपयाचं नातं त्याहून जुनं आहे. करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पंचाहत्तर वर्षांनी तोच रुपया पालकाच्या खिशातून न जाता त्याच्या घरात येऊ लागला. मध्ये १९५९ ची फीमाफी येते. तिच्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आधी ९०० आणि नंतर १,२०० रुपये होती. त्या सवलतीनं खेड्यातल्या कितीतरी मुलांना हायस्कूल आणि कॉलेज दिसलं. पण जी मुलगी पहिलीतच येत नव्हती, तिला फीमाफीचा काय उपयोग?

खरा गुंता आहे तो हजेरी या शब्दाचा. पटावर नाव असणं एक, आणि वर्गात बसलेलं असणं दुसरं. भत्ता दुसऱ्या गोष्टीचा होता, आणि ती मोजायची तर हजेरीपत्रकाशिवाय साधन नव्हतं. बीड जिल्ह्यात हे फार जवळून पाहायला मिळालं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल आधीच घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि तान्ह्याला सांभाळायला बरोबर थोरली मुलगी. ती परतते थेट मार्च-एप्रिलमध्ये. २२० दिवसांचे ७५ टक्के म्हणजे १६५ दिवस, ते तिचे भरणार कुठून? ज्या मुलीला शाळेत धरून ठेवण्यासाठी ही योजना आखली, तीच नेमकी अटीत बसत नव्हती. ही अट चुकली, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

डिसेंबरमध्ये हजेरीपत्रक उघडलं की काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची सलग रांग दिसायची. काही शिक्षक ती रांग मध्ये मध्ये मोडायचे. पोरगी फेब्रुवारीत परतली तर तिचे रुपये बुडू नयेत, नाव कमी होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण त्याच पत्रकावर दुसरीकडे अनुदानासाठी अस्तित्वातच नसलेली मुलं हजर दाखवली जात होती. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली आणि हे उघड झालं. कारवाई व्हायलाच हवी होती. मात्र त्यानंतर माया म्हणून मारलेली हजेरी आणि लबाडी म्हणून मारलेली हजेरी यांत फरक करायला कुणी धजावलं नाही.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं हा त्यावरचा बरा उपाय. आई-बाप फडावर आणि मूल गावातच, शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली. यातून जे साधलं ते कुठल्याही भत्त्यातून साधलं नसतं. दुपारच्या जेवणाचंही तसंच. १९९५ मध्ये ८० टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. पुढे शाळेतच खिचडी शिजू लागली आणि जो आला तो जेवला.

रुपया मात्र रुपयाच राहिला. ३० जून २०११ ला चार आण्यांचं नाणं चलनातून गेलं, तरी भत्त्याचा दर हलला नाही. दर वाढवा, नाहीतर योजना दुसऱ्या कशात तरी मिळवा, अशी मागणी शिक्षक वर्षानुवर्षं करत आले.

२०१७ मध्ये गणवेशाचे पैसे आई आणि मूल यांच्या संयुक्त खात्यात जमा करायचं ठरलं. दोन गणवेशांचे ४०० रुपये, आणि खातं उघडायला कितीतरी ठिकाणी ५०० मागत होते. सप्टेंबरमध्ये तालुक्याच्या एका बँकेत मी आमच्या शाळेतल्या आयांबरोबर रांगेत होतो. काउंटरला दोरीनं बांधलेल्या पेनानं एक बाई तीन जणींचे फॉर्म भरून देत होती. अक्षर गोल, ठसठशीत, शिरोरेघ शेवटपर्यंत ओढलेली. ती १९९२ मध्ये पहिलीत होती आणि तिला भत्ता मिळायचा. गावात शाळा चौथीपर्यंतच होती. तिथंच रुपया थांबला आणि तीही थांबली.

तिची मुलगी तेव्हा सहावीत होती. फॉर्म भरून झाल्यावर तिनं गणवेशाबद्दल काही विचारलं नाही. वसतिगृह यंदा कधी सुरू होणार, एवढंच विचारलं. टोळी निघायला महिना उरला होता.