पार्श्वभूमी : गिरणीचा भोंगा ते घरातला मोबाइल

पोरांच्या हाती मोबाइल द्यावा की नाही, यावर आज नागपुरात घरोघरी खटके उडतात. या शहरात यंत्र घराच्या वेळेत पहिल्यांदा शिरलं, त्याला मात्र दीडशे वर्षं होत आली.

त्याआधी काम घरातच होतं. हलबा कोष्टी या विणकरांच्या घरात माग राहत्या खोलीतच असे. बाप खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला, आई सूत उकलणारी आणि सहा-सात वर्षांचं पोर चरख्यावर कांड्या भरणारं. पोरं राबत, यात शंका नाही. पण ती आईच्या नजरेपुढे असत, आणि मागावरचा धोटा कधी थांबवायचा ते घर ठरवत असे.

1867 मध्ये रेल्वे नागपुरात पोचली. कापूस इथे पिकतच होता. आता विलायती यंत्रं आणणं आणि माल बाहेर धाडणं सोपं झालं. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाशेजारी, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळ, गिरणी उभारली. 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. 1886 मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड आला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई. त्या काळाच्या मानाने हे मोठंच पाऊल होतं.

पण वेळ आता भोंग्याच्या ताब्यात गेली. पाळीवर जाणाऱ्या घरातला स्वयंपाक, पोरांची झोप, बायकांचं पाणी भरणं, सगळं त्या आवाजावर चालू लागलं. माझी आजी घड्याळाकडे बघतच नसे. पहाटेचा भोंगा झाला की चूल पेटायची.

गिरण्यांतून मुलांना बाहेर काढायला देशाला किती वर्षं लागली, हे मला आजच्या वादात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने फक्त सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला मनाई केली; सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तास काम घेता येत होतं! 1891 मध्ये ही वयोमर्यादा नऊ झाली, 1922 मध्ये बारा, 1948 मध्ये चौदा. म्हणजे सातावरून चौदावर यायला 67 वर्षं लागली. मोठ्यांचे तासही असेच झगडून कमी झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या पुढाकारानंतर 1946 मध्ये आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. नागपूरच्या गिरणी कामगारांच्या वस्त्यांत हा इतिहास आजही आपुलकीने सांगितला जातो. सुट्टीचा भोंगा झाला, की उरलेला दिवस घराचा.

एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर आता मॉल आहे. दरम्यान मिहान या विमानतळालगतच्या उद्योग क्षेत्रात संगणकाच्या कंपन्या आल्या, 2016 नंतर स्वस्त डेटा हातोहात पोचला, आणि काम मोबाइलवर येऊ लागलं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर काम करणाऱ्यांचा पहिल्यांदा उल्लेख झाला. पण त्यांनी किती तास राबायचं, यावर ती काही बोलत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, काही अपवाद सोडून, अठराखालच्या मुलांचा ऑनलाइन माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करणारी तरतूद केली.

2020 मध्ये शाळा बंद असताना आमच्या वस्तीत एका घरात फोन एकच होता. बाप त्यावर ऑर्डरी घेऊन दिवसभर गाडी चालवायचा. शाळेचा अभ्यास यायचा तोही त्याच फोनवर, म्हणून चौथीतला मुलगा त्याची वाट बघत रात्री दहापर्यंत जागा असायचा. एका रात्री मी तिथेच होतो. तडा गेलेल्या काचेतून पोरगा गणितं उतरवून घेत होता. तिसऱ्या गणितावर ऑर्डरची पट्टी झळकली, बापाने हात पुढे केला आणि पोराने न बोलता फोन देऊन टाकला.