गो-मियो मार्गदर्शक आणि ‘नूव्हेल क्विझीन’: पार्श्वभूमी

पॅरिसच्या एका सायंदैनिकात १९६० च्या सुमारास, सुट्टीच्या दिवशी कुठे जावे आणि काय खावे हे सांगणारे सदर आंरी गो आणि क्रिस्तियाँ मियो या दोन पत्रकारांनी नावारूपाला आणले. त्यातून १९६२ मध्ये पॅरिसविषयीचे पुस्तक, १९६९ मध्ये मासिक आणि १९७२ मध्ये दोघांची आडनावे जोडून ओळखले जाणारे रेस्टॉरंटांचे मार्गदर्शक पुस्तक आले. मिशेलिन या टायर कंपनीचे लाल पुस्तक रेस्टॉरंटांना तारे देऊन गप्प बसत असे; यांनी मात्र फ्रेंच शाळेप्रमाणे वीसपैकी गुण दिले आणि त्यासोबत चुरचुरीत मजकूरही लिहिला.

खरा वाद आहे तो त्यांच्या ऑक्टोबर १९७३ च्या लेखाचा: नवी पाककला त्यांनी जन्माला घातली की तिला फक्त नाव दिले? त्यात ‘नूव्हेल क्विझीन’, म्हणजे नवी पाककला, हे नाव आणि तिच्या दहा आज्ञा जाहीर झाल्या. नाव तसे जुनेच होते. १७४२ मधील एका पाकग्रंथातही ते आढळते. ल्यों शहराजवळच्या एका शेफकडे खाल्लेले, जेमतेम शिजवलेल्या फरसबीचे साधे सॅलड हा आपल्याला झालेला साक्षात्कार होता, अशी आठवण दोघांपैकी एकाने पुढे सांगितली. म्हणजे स्वयंपाकघरात बदल आधीच घडत होता आणि समीक्षकांनी त्याचे बारसे केले. नव्या पाककलेचे ‘जनक’ म्हणून त्यांचा जो उल्लेख होतो, तो म्हणूनच अर्धाच खरा आहे.

मोठ्या ताटलीत चिमूटभर अन्न, ही या नावाला चिकटलेली थट्टा तर आज्ञांमध्ये कुठेच नाही. तिसरी आज्ञा ‘कार्त’ हलके करण्यास सांगते. फ्रेंचमध्ये ‘कार्त’ म्हणजे पदार्थांची यादी, त्यामुळे ती यादी आटोपशीर ठेवावी एवढाच तिचा अर्थ होतो. ताजा माल घ्यावा, पदार्थ जास्त शिजवू नये, पीठ भाजून दाट केलेले सॉस टाळावेत, मांडणीत लबाडी करू नये, अशा बाकीच्या आज्ञा आहेत. उठसूट आधुनिक होऊ नये, अशीही एक आहे, आणि अनुकरण करणाऱ्यांनी नेमकी तीच वाचली नसावी.

पुढे दोघेही मार्गदर्शकापासून दूर झाले. त्यांपैकी एकाचे २००० मध्ये निधन झाले. फेब्रुवारी २००३ मध्ये बर्गंडीतील एका नामांकित शेफचे गुण १९ वरून १७ वर आले आणि त्याच महिन्यात त्याने आत्महत्या केली. लाल पुस्तकातील त्याचे तिन्ही तारे तोवर शाबूत होते, पण ते जाणार अशी कुजबुज होती. शिवाय कर्ज होते आणि नैराश्यही होते. तरीही त्याच्या व्यवसायबंधूंनी मार्गदर्शकालाच जाहीरपणे दोषी धरले. परिपूर्णता माणसाच्या आवाक्यातली नसते, या भूमिकेतून संस्थापकांच्या काळात वीसपैकी वीस गुण कधीच दिले जात नसत आणि १९.५ हीच कमाल मर्यादा होती. २००४ च्या आवृत्तीत आल्प्समधील एका शेफला पूर्ण वीस गुण देऊन ती मर्यादाही ओलांडण्यात आली.