घरगुती संगणकांवरील सुरुवातीचे विध्वंसक व्हायरस : ठाणे व नवी मुंबई

१९८६ ते १९९९ या काळात फ्लॉपीवरून, आणि शेवटी शेवटी सीडीवरून, घरातल्या पीसीमध्ये शिरणारे आणि ठरलेल्या तारखेला किंवा ठरावीक वापरानंतर डिस्कवरची माहिती पुसणारे अथवा वाचता न येणारी करून टाकणारे छोटे प्रोग्रॅम. त्यांचा आकार काही शे बाइटांपासून दोन-चार हजार बाइटांपर्यंत असे. ठाणे आणि नवी मुंबईत घरगुती पीसी वाढला तो नेमका याच काळात. त्यामुळे इथल्या एका पिढीने संगणक शिकता शिकताच ‘व्हायरस लागला’ हे वाक्यही ऐकले. या व्हायरसांपैकी बऱ्याच जणांनी मजकुराला फारसा हात लावला नाही. मजकूर डिस्कवर कुठे ठेवला आहे याची नोंद पुसली. वाचवता आला असता असा पुष्कळ मजकूर त्यानंतर घाईने मारलेल्या फॉरमॅटमध्ये गेला. विषयाचा हा भाग सहसा सांगितला जात नाही, म्हणून या नोंदीत त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रसार

१९८४ च्या संगणक धोरणाने आयातशुल्क उतरले आणि सुट्या भागांतून जोडलेले पीसी हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, हार्ड डिस्क आणि कॅबिनेट आणायचे आणि नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या एखाद्या गाळ्यात यंत्र जुळवून द्यायचे, असा हा ‘असेंबल्ड’ पीसीचा धंदा होता. १९९२ मध्ये लोकल वाशीपर्यंत पोचली आणि खाडीपलीकडच्या गिऱ्हाइकालाही ही बाजारपेठ जवळ आली.

यंत्र घरी आले तरी सॉफ्टवेअर विकत घेण्याची पद्धत नव्हती. वर्डस्टार, लोटस, डीबेस, मुलांसाठी ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे सगळे फ्लॉपीवर ‘मारून’ घ्यायचे. व्हायरसाला लागणारी वाट हीच होती. संगणक क्लासमध्ये विद्यार्थी स्वतःची एक फ्लॉपी घेऊन येई, मिळेल त्या यंत्रावर बसे आणि संध्याकाळी तीच फ्लॉपी घरच्या पीसीत घाली. डीटीपीवाल्याकडे लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंतचा मजकूर फ्लॉपीवरच येई-जाई. हिशेबनिसाकडे मार्च अखेरीस निरनिराळ्या दुकानांच्या फ्लॉपी जमत. एका आजारी यंत्रावरून आठवड्याभरात किती घरे गाठली जात असतील, हे या तीन ठिकाणांची वर्दळ पाहिली की लक्षात येते. इंटरनेट या गोष्टीत फार उशिरा आले. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तोवर फ्लॉपीने बरेचसे काम उरकले होते.

पीसी सुरू होताना बायॉस (मदरबोर्डवरच्या चिपमधला, यंत्र सुरू करून देणारा प्रोग्रॅम) आधी ए ड्राइव्ह, म्हणजे फ्लॉपीचा ड्राइव्ह, तपासे. तिथे फ्लॉपी सापडली की तिचा पहिला, ५१२ बाइटांचा सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) वाचून त्यातल्या सूचना डोळे झाकून पाळल्या जात. या पहिल्या, म्हणजे बूट सेक्टरमधल्या व्हायरसाला एवढे पुरे. रात्री फ्लॉपी आत विसरून पीसी बंद केला आणि सकाळी चालू केला, की पडद्यावर ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा संदेश येई. वापरणारा फ्लॉपी काढून कळ दाबी आणि काही झालेच नाही असे समजे. प्रत्यक्षात तो संदेश दिसेपर्यंत व्हायरस हार्ड डिस्कवर बसलेला असे. फ्लॉपीवर एकही प्रोग्रॅम नसला, नुसते पत्र असले, तरी हे घडे. ‘मी तर काहीच चालवले नाही’ ही लोकांची तक्रार खरी होती.

यावर एक साधा उपाय होता. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करायची, साडेतीन इंचीवर खिटी सरकवून खिडकी उघडी ठेवायची. मग ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर लिहूच शकत नसे. ही अडवणूक यंत्राच्या रचनेतच असल्याने कोणत्याही व्हायरसाला ती ओलांडता येत नव्हती. क्लासमध्ये हे पहिल्या तासाला शिकवले असते, तर पुढचे बरेच टळले असते.

प्रमुख व्हायरस

पीसीवरचा पहिला पसरलेला व्हायरस ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला. त्यात त्यांनी आपल्या दुकानाचा पत्ताही घातला होता. तो फक्त ३६० केबीच्या फ्लॉपीवर बसे आणि हार्ड डिस्कला हात लावत नसे. विध्वंसक म्हणावा असा तो नाही. न्यूझीलंडचा ‘स्टोन्ड’ (१९८७) हाही लेखकाच्या दृष्टीने खोडसाळच होता, पण त्याने नकळत नासधूस केली. मूळ बूट सेक्टर तो फ्लॉपीवरच्या एका ठरावीक जागी हलवी. ३६० केबीच्या फ्लॉपीत ती जागा सहसा रिकामी असे; १.२ एमबीच्या फ्लॉपीत तिथे फायलींच्या सूचीचा भाग येई आणि त्या फायली दिसेनाशा होत.

१९८७ मध्येच जेरुसलेममध्ये सापडलेला व्हायरस त्या शहराच्या नावाने ओळखला जातो. तो प्रोग्रॅम फायलींना चिकटे आणि १३ तारखेच्या शुक्रवारी जो प्रोग्रॅम चालवाल तो पुसून टाकी. त्यात एक चूक राहिली होती : ईएक्सई (एका प्रकारच्या प्रोग्रॅम) फायलींना तो पुन्हा पुन्हा लागे आणि त्या फुगत फुगत मेमरीत मावेनाशा होत. त्यामुळे शुक्रवार उजाडण्याआधीच त्याचा सुगावा लागे.

भारतात १९९० मध्ये सापडलेल्या ‘जोशी’ व्हायरसाचा उल्लेख इथे हवाच. ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरी आणि ‘हॅप्पी बर्थडे जोशी’ असे टंकायला सांगे. टंकले की यंत्र पुढे चाले. मजकूर पुसण्याचा त्याचा हेतू नव्हता. पण तांत्रिकदृष्ट्या तो आपल्या काळाच्या पुढे होता. बूट सेक्टर वाचायला गेलेल्या प्रोग्रॅमला तो मूळ, स्वच्छ सेक्टर दाखवी आणि कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून यंत्र पुन्हा सुरू केले तरी मेमरीत टिकून राही. यंत्र पूर्ण बंद करून स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू केल्याशिवाय तो हलत नसे.

खरा धसका घेतला गेला तो ‘मायकेलअँजेलो’चा. १९९१ मध्ये आढळलेली ही ‘स्टोन्ड’चीच सुधारलेली आवृत्ती ६ मार्चला, म्हणजे त्या शिल्पकाराच्या जन्मदिवशी, यंत्र सुरू केल्यास हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर निरर्थक माहिती लिहून टाकी. ६ मार्च १९९२ हा शुक्रवार होता. अमेरिकेत पन्नास लाख यंत्रे जातील असे आकडे छापून आले. प्रत्यक्षात हानी झालेल्या यंत्रांचा अंदाज दहा-वीस हजारांच्या घरात राहिला. घड्याळाची तारीख ५ वरून थेट ७ करावी, असा सल्ला तेव्हा दिला जात होता आणि तो अचूक होता, कारण व्हायरस फक्त यंत्राचे घड्याळ पाहत असे. ज्यांच्याकडे अंतर्गत घड्याळ नसलेला जुना ‘एक्सटी’ जातीचा पीसी होता, त्यांच्यावर ही तारीख येतच नसे. ‘स्टोन्ड’ आणि ‘मायकेलअँजेलो’ दोन्ही एकाच यंत्रावर आले तर मात्र ६ मार्चची वाट पाहावी लागत नसे. मूळ सेक्टर दोघेही एकाच जागी ठेवत. दुसऱ्याने पहिल्याची प्रत पुसली की डिस्कवरून यंत्र सुरूच होत नसे.

‘डिस्क किलर’ यंत्राच्या वापराचे तास मोजे आणि सुमारे ४८ तास भरले की डिस्कवरचा मजकूर उलटसुलट करू लागे. बल्गेरियातला ‘डार्क अव्हेंजर’ (१९८९) या सगळ्यांत घातक मानावा लागेल. दूषित प्रोग्रॅम दर सोळाव्यांदा चालवला की तो डिस्कवरचा कुठलाही एक सेक्टर बिघडवी. एवढेच. कुठे काय बिघडले ते महिनोन्‌महिने कळत नसे आणि दरम्यान घेतलेल्या प्रत्येक बॅकअपमध्ये तोच सडका सेक्टर जाऊन बसे. नियमाने बॅकअप ठेवणाऱ्या, काळजी घेणाऱ्या माणसालाही या व्हायरसाने सोडले नाही. शिवाय फाइल नुसती उघडली तरी तो तिला लागे, त्यामुळे तो मेमरीत असताना अँटीव्हायरसने डिस्क तपासणे म्हणजे तो सगळीकडे पसरवणे.

नुकसानाचे स्वरूप आणि दुरुस्ती

डॉसमध्ये (विंडोजआधी पीसी चालवणाऱ्या प्रणालीत) डिस्कचे विभाग कुठे सुरू होतात हे पार्टिशन टेबलमध्ये आणि कोणती फाइल कुठल्या तुकड्यांत आहे हे फॅट नावाच्या कोष्टकात लिहिलेले असते. कोष्टकाच्या दोन प्रती लागोपाठ, डिस्कच्या सुरुवातीलाच असतात. तिथे घाव घातला की सगळी डिस्क रिकामी दिसते. सोसायटीच्या जिन्याखालची नावांची पाटी काढून टाकली तरी बिऱ्हाडे आपापल्या घरात असतातच. तसाच मजकूर जागेवर असतो. जाणकार माणूस डिस्क एडिटर (डिस्कवरचे बाइट थेट दाखवणारा व बदलणारा प्रोग्रॅम) घेऊन बसला, तर पार्टिशन टेबल हाताने पुन्हा लिहिता येई. निदान साध्या मजकुराच्या फायली तुकड्या-तुकड्यांनी वेचता येत.

व्यवहारात मात्र दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणे, ‘काका, फॉरमॅट मारावा लागेल.’ त्याला एका दिवसात चार घरे करायची असत आणि पैसे यंत्र चालू करून देण्याचे मिळत, मजकूर वाचवण्याचे नव्हे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण घराघरांतला हिशेब, प्रबंधाची प्रकरणे, जुळवलेले अंक यांतला मोठा वाटा या एका वाक्याने गेला हे नोंदवले पाहिजे. कित्येकदा तर व्हायरस नसेच. वीज अचानक जाणे, व्होल्टेज वरखाली होणे, फ्लॉपीला आलेली बुरशी यांनी बिघडलेल्या डिस्काही व्हायरसाच्या खात्यावर टाकून फॉरमॅट केल्या जात.

डॉस ५ पासून एफडिस्क या प्रोग्रॅमला ‘एमबीआर’ ही जोड देऊन पहिला सेक्टर नव्याने लिहिता येऊ लागला. ‘स्टोन्ड’वर ही मात्रा चाले, म्हणून ती सगळ्यांवर वापरली जाऊ लागली. ‘मंकी’ व्हायरसाने पार्टिशन टेबल सांकेतिक रूपात दुसरीकडे हलवलेले असे. ही आज्ञा दिली की व्हायरस जाई आणि सी ड्राइव्हही दिसेनासा होई. १९९४ चा ‘वन हाफ’ याहून कठीण. प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना तो डिस्कच्या शेवटाकडून थोडा थोडा भाग सांकेतिक करत पुढे सरके. तो मेमरीत असेपर्यंत तोच मजकूर उलगडून दाखवी, म्हणून वापरणाऱ्याला काहीच जाणवत नसे. उलगडण्याची किल्ली त्याच पहिल्या सेक्टरमध्ये असे. तो सेक्टर घाईने स्वच्छ केला की किल्ली गेली आणि तिच्याबरोबर डिस्कचा तेवढा भाग. इथे मजकूर पुसला तो उपचाराने.

योग्य क्रम असा होता : यंत्र पूर्ण बंद करणे, लिहिण्यास बंद केलेल्या खात्रीच्या डॉस फ्लॉपीवरून सुरू करणे, व्हायरस ओळखणे, महत्त्वाचा मजकूर बाहेर काढणे आणि मगच व्हायरस काढणे. अडचण पहिल्या पायरीवरच येई. खात्रीची फ्लॉपी आधीच करून ठेवलेली नसे आणि आयत्या वेळी ती त्याच आजारी यंत्रावर बनवली जाई.

मॅकॅफी, नॉर्टन, डॉ. सॉलोमन यांच्या अँटीव्हायरसच्या प्रतीही फ्लॉपीवरून हातोहात फिरत, पण त्या बहुधा जुन्या असत. महाराष्ट्रात या क्षेत्रात मोलाचे काम पुण्याच्या कैलास आणि संजय काटकर या भावांनी केले. कैलास यांचे कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीचे दुकान होते. तिथे येणाऱ्या आजारी यंत्रांसाठी संजय यांनी उपाय लिहायला घेतले आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. ग्राहकाच्या यंत्रावर प्रत्यक्ष काय सापडते हे रोज पाहणाऱ्यांनी ते लिहिले होते.

२६ एप्रिल १९९९

तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला ‘सीआयएच’ चेर्नोबिल अणुअपघाताच्या तारखेवरून ‘चेर्नोबिल’ म्हणून ओळखला गेला. विंडोज ९५ आणि ९८ वरच्या प्रोग्रॅममधल्या रिकाम्या जागांत तो स्वतःचे तुकडे बसवी, त्यामुळे फाइलचा आकार वाढत नसे आणि जुनी खूण चालत नसे. २६ एप्रिल १९९९ या सोमवारी आशियातल्या अनेक देशांत, भारतातही, त्याने यंत्रे पाडली. घरोघरी वार्षिक परीक्षा संपून सुट्टी लागण्याचे ते दिवस, आणि नकललेल्या गेम्सच्या सीडी फिरण्याचेही.

तो हार्ड डिस्कचा पहिला एक एमबी शून्यांनी भरी आणि काही मदरबोर्डांवर बायॉसची चिपही पुसून टाके. मग पडदा काळाच राही. चिप काढून ‘प्रोग्रॅमर’ नावाच्या, चिपवर लिहिणाऱ्या उपकरणावर पुन्हा लिहून आणावी लागे, नाहीतर बोर्ड बदलावा लागे. सॉफ्टवेअरने यंत्राचा भाग निकामी केल्याचा अनुभव बहुतेकांना तेव्हा पहिल्यांदा आला. डिस्कचे नशीब फाइल पद्धतीवर अवलंबून होते. फॅट १६ मध्ये कोष्टकाच्या दोन्ही प्रती पहिल्या एमबीतच येत आणि जात. मोठ्या फॅट ३२ डिस्कवर दुसरी प्रत बऱ्याचदा त्यापलीकडे शाबूत राही आणि तिच्या आधारे जवळजवळ सगळे परत मिळवता येई. अट एकच : मधल्या वेळात कुणी फॉरमॅट मारलेला नसावा.

तोपर्यंत भारतात व्हायरस सोडण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ४३ मध्ये संगणकात व्हायरस घालण्याचा स्पष्ट उल्लेख आला. फ्लॉपीची जागा ईमेलने घेतल्यावर हे जुने बूट सेक्टर व्हायरस आपोआप संपले.

जुन्या फ्लॉपी

त्या काळातल्या फ्लॉपी आजही अनेक घरांत माळ्यावर आहेत. यूईएफआयवर (बायॉसच्या जागी आलेल्या व्यवस्थेवर) चालणारा आजचा पीसी सहसा त्यांच्या बूट सेक्टरवरून सुरू होत नाही आणि ६४-बिट विंडोज डॉसचे प्रोग्रॅम चालवत नाही, त्यामुळे त्यांतल्या व्हायरसापासून यंत्राला धोका नाही. धोका आहे तो फ्लॉपीलाच. ठाण्याच्या दमट हवेत चकतीवर बुरशी धरते आणि तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर चुंबकी थर खरवडला जातो. खिटी सरकवून लिहिणे बंद करावे, चकती उजेडात धरून पाहावी, पांढरे डाग दिसल्यास आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून प्रथम संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा (जशीच्या तशी एका फायलीतली नक्कल) उतरवून घ्यावी आणि फायली त्या प्रतिमेतून काढाव्यात. ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असे विंडोजने विचारल्यास नकार द्यावा.