उताऱ्यातला लेखकाचा दृष्टिकोन कसा ओळखायचा?
आमच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

सीताबर्डीतल्या आमच्या स्पर्धा परीक्षांच्या वर्गात नवा विद्यार्थी आला की पहिल्याच दिवशी आम्ही त्याच्यापुढे हा छोटा उतारा ठेवतो. तो आम्हीच लिहिलेला आहे, आणि विषय नागपूरकरांच्या दारातला आहे.

‘सिमेंटचे रस्ते टिकतात, दरवर्षी खड्डे बुजवण्याचा खर्च वाचतो, हे मान्यच करावे लागेल. जुन्या वस्त्यांत मात्र रस्त्याची पातळी घरांच्या जोत्यापेक्षा वर गेली आणि पावसाचे पाणी अंगणात शिरू लागले. आधीचा थर खरवडून मगच नवा रस्ता केला असता, तर ही वेळ बहुधा आली नसती.’

लेखकाचा दृष्टिकोन कोणता? संतप्त, तटस्थ, सिमेंट रस्त्यांना विरोध करणारा, की रस्ते मान्य असूनही कामाच्या पद्धतीवर आक्षेप घेणारा?

पावसाळ्यात ज्यांच्या घरात पाणी शिरलेलं असतं, ती मुलं सहज ‘संतप्त’वर खूण करून मोकळी होतात. त्यांचा राग खरा असतो आणि आम्हाला तो कळतो. पण प्रश्न लेखकाबद्दल आहे, म्हणून त्याचेच शब्द एकेक करून तपासू. ‘मान्यच करावे लागेल’ म्हणताना तो रस्त्यांची जमेची बाजू आपणहून पुढे ठेवतो. कट्टर विरोधक असता तर खर्च वाचतो हे त्याने सांगितलंच नसतं. ‘मात्र’पासून आक्षेप सुरू होतो, त्यामुळे ‘तटस्थ’ बाद. ‘बहुधा’ हा शब्द सावध माणसाचा आहे, संतापलेला माणूस तो वापरत नाही. आणि ‘खरवडून केला असता, तर’ या शब्दांत त्याने उपायच सांगून टाकला. रस्ता नकोच, असं तो कुठेही म्हणत नाही. उत्तर चौथं.

आता पहिलं वाक्य थोडं बदलून बघा: ‘सिमेंटचे रस्ते म्हणे टिकतात.’ एका ‘म्हणे’ने लेखक पलीकडच्या बाजूला गेला. ‘रस्ता तब्बल तीन वर्षे टिकला’ आणि ‘रस्ता जेमतेम तीन वर्षे टिकला’ यांत आकडा एकच, दृष्टिकोन मात्र उलटा. जो शब्द काढला तरी माहिती कमी होत नाही, त्याच शब्दात लेखक सापडतो. ‘च’, ‘तरी’, ‘निदान’, ‘चक्क’, ‘तथाकथित’ यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावा. इंग्रजी उताऱ्यांत हेच काम ‘मिअरली’, ‘सो-कॉल्ड’, ‘अ‍ॅडमिटेडली’, ‘हाऊएव्हर’ करतात. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही उतारे येत असल्याने आम्ही सराव दोन्हींचा घेतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे दुसऱ्याचं मत लेखकाच्या नावावर टाकणं. ‘काहींच्या मते’, ‘असा समज आहे’, ‘टीकाकार म्हणतात’ असं दिसलं की थांबा. बरेचदा लेखक ते मत खोडायलाच मांडत असतो आणि त्याचं स्वतःचं म्हणणं पुढच्या परिच्छेदात येतं.

पर्यायांतल्या शब्दांचे अर्थही पक्के हवेत. तटस्थ लेखक दोन्ही बाजू मांडतो, उदासीन लेखकाला विषयाचं काही वाटतच नाही. उताराभर लिहिणारा माणूस उदासीन असणं विरळाच, म्हणून तो पर्याय फार जपून निवडा. चिकित्सक म्हणजे विरोधी नव्हे. तो तपासून बघतो, आणि तपासल्यावर कौतुकही करू शकतो. ‘कौतुकाचा पण साशंक’ असा जोडपर्याय असेल, तर दोन्ही शब्दांना उताऱ्यात आधार हवा. अर्धा पर्याय जुळला म्हणून खूण करू नका.

आमचा एक आग्रह आहे. पर्याय हाताने झाका आणि लेखकाला काय वाटतं ते आधी आपल्या भाषेत, एका ओळीत लिहा. ‘रस्ता चांगला, पण करायची रीत चुकली’ एवढंही पुरे. मग पर्याय उघडा.

यूपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे नागरी सेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्ये, दोन तासांत ८० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. पेपर २०० गुणांचा, पात्रतेसाठी ३३ टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. एवढ्या घाईत ही ओळ लिहून होणार नाही, पण वर्गात शे-दोनशे वेळा लिहिली की परीक्षेत ती मनात आपोआप उमटते.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी सकाळी अग्रलेख वाचत असेल, तर ‘काय लिहिलंय?’ याबरोबर ‘लिहिणाऱ्याला काय वाटतं, आणि ते कोणत्या शब्दावरून कळलं?’ हेही विचारा. उत्तर चुकलं तरी चालेल, शब्द दाखवायला लावा.

उताऱ्यांचा वर्ग दर रविवारी सकाळी साडेनऊला असतो. एप्रिल-मे महिन्यांत उन्हामुळे तो साडेसातला भरतो. पहिले दोन रविवार येऊन बसा, फी नंतर ठरवू. येताना पेन्सिल आणि त्या आठवड्यातला, तुम्हाला अजिबात न पटलेला एक अग्रलेख घेऊन या.