एक्सेल शीट लिनक्सवर नेताना : पाठीमागची गोष्ट

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणाऱ्या एका ओळखीच्या दुकानाचा हिशेब मी नुकताच विंडोजवरून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर नेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि दुकानातला जुना कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसेना. कॉम्प्युटर धडधाकट, तो भंगारात कशाला घालायचा? पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाचं, एक्सेल शीट लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई सगळं जागच्या जागी. शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी. दिवाणजी म्हणाले, "हे काय झालं वो?"

याचं उत्तर द्यायला बरंच मागं जावं लागतं.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी व्हिसिकॅल्क हा हिशेबाच्या शीटचा प्रोग्राम आणला. ते त्या मशिनच्या प्रोसेसरच्या भाषेत, म्हणजे असेंब्लीत लिहिलेलं. दुसऱ्या मशिनवर न्यायचं तर बरंचसं काम पुन्हा करायचं. मायक्रोसॉफ्टने १९८२ च्या मल्टिप्लॅन या आपल्या शीट-प्रोग्राममध्ये उलटा रस्ता धरला : प्रोग्राम एका मधल्या भाषेत ठेवायचा आणि ती भाषा वाचणारा छोटा भाग तेवढा प्रत्येक मशिनसाठी वेगळा लिहायचा. त्यामुळे मल्टिप्लॅन कितीतरी मशिनांवर पोचलं, पण चालायला मंद. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ ने आयबीएम पीसीशी थेट सलगी केली. असेंब्लीत लिहिलेलं, आणि पडद्यावरची अक्षरं ऑपरेटिंग सिस्टीमला न विचारता सरळ व्हिडिओ मेमरीत टाकणारं. वेगाला तोड नव्हती. दुसऱ्या कंपनीचा पीसी खरोखर आयबीएमसारखा आहे का, हे लोक त्यावर लोटस चालवून बघायचे!

पण इतकी सलगी पुढं अंगाशी आली. सी भाषेत नव्यानं लिहिलेली तिसरी आवृत्ती यायला १९८९ उजाडलं. ग्राफिक पडद्यासाठी लोटसने ओएस/२ या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर भिस्त ठेवली, गर्दी मात्र विंडोजकडे गेली. मायक्रोसॉफ्टचं एक्सेल तिथं १९८७ पासूनच होतं (त्याआधी १९८५ मध्ये ते मॅकवर आलेलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं). लोटसची विंडोज आवृत्ती १९९१ मध्ये आली. १९९५ मध्ये आयबीएमने लोटस कंपनीच विकत घेतली.

प्रोग्राम मागं पडला, त्याची चूक मात्र पुढं आली. हे प्रोग्राम तारीख म्हणजे दिवसांचा एक आकडा म्हणून साठवतात. तो मोजताना लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, जे ते नव्हतं. लोटसच्या फायलींतल्या तारखा सरकू नयेत म्हणून एक्सेलने ती चूक मुद्दाम ठेवली. आजही एक्सेलच्या रकान्यात ६० लिहून त्याला तारखेचं रूप द्या, २९ फेब्रुवारी १९०० दिसेल, म्हणजे कधी न उगवलेला दिवस. लिब्रेऑफिस ती तारीख मानत नाही. पण १ मार्च १९०० पासूनचे आकडे एक्सेलशी जुळावेत म्हणून त्याची मोजणी ३० डिसेंबर १८९९ या विचित्र दिवसापासून सुरू होते. दिवाणजींच्या पट्ट्यांच्या तारखा बिनचूक आल्या त्या या जुळवाजुळवीमुळे.

नावांसाठी असं कुणी जुळवून ठेवलेलं नव्हतं. दुकानातले जुने मराठी फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. रकान्यात साठलेली असतात इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा अंगरखा घालतो. नव्या सिस्टीमवर तो फॉन्ट नाही, म्हणून अंगरखा उतरला. युनिकोड १९९१ मध्ये आलं आणि विंडोज २००० पासून तिथं देवनागरी नीट लिहिता येऊ लागली, पण चालू हिशेबाला हात कोण लावणार? आमच्याकडे ते काम पंचवीस वर्षं तसंच राहिलं.

नावं कन्व्हर्टरमधून काढली. जोडाक्षरं आणि रफार बिघडले, ते दिवाणजींनी शेजारी बसून एकेक सांगत दुरुस्त करून घेतले. मग मी यादी अकारविल्हे लावली आणि नवीच पंचाईत झाली. जुनं शीट आतल्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लागायचं आणि तो उफराटा क्रम दिवाणजींच्या बोटांत बसलेला. नीट लागलेल्या यादीत त्यांना एकही नाव पटकन सापडेना. शेवटी जुन्या क्रमाचे आकडे एका लपवलेल्या कॉलमात घातले आणि यादी परत त्यावर लावून दिली.