कॉन्फिग स्ट्रिंगचं पार्सिंग आणि व्हॅलिडेशन

प्रोग्रामने कुठल्या सर्व्हरशी बोलायचं, किती वेळ वाट बघायची, लॉग ठेवायचा की नाही, हे कोडमध्ये न लिहिता बाहेरून मजकूर म्हणून देतात, ती कॉन्फिग स्ट्रिंग. फाइलमधली ओळ असो, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रोग्रामला मिळणारं सेटिंग) असो नाहीतर डेटाबेसला जोडायची माहिती देणारी कनेक्शन स्ट्रिंग, प्रोग्रामच्या हातात नुसती अक्षरं येतात. त्यातून 'की' (सेटिंगचं नाव) आणि व्हॅल्यू (त्याची किंमत) वेगळी काढणं म्हणजे पार्सिंग, आणि निघालेली व्हॅल्यू चालण्यासारखी आहे का ते बघणं म्हणजे व्हॅलिडेशन. दोन्ही एकाच फंक्शनमध्ये उरकतात म्हणून लोक एकच समजतात, पण पोर्ट=७०००० ही ओळ पार्स अगदी नीट होते, आकडाही निघतो, फक्त पोर्ट नंबर (सर्व्हरवर कुठल्या सेवेशी जोडायचं तो आकडा) १६ बिटांचा असल्यामुळे ६५५३५ च्या वर जाऊच शकत नाही, आणि हे व्हॅलिडेशननेच पकडायचं असतं.

सगळ्यात जास्त घोळ टाइप बदलताना होतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कायम स्ट्रिंगच असतं, त्यात 'फॉल्स' लिहून ते पायथनच्या बूल फंक्शनला (खरं-खोटं ठरवणाऱ्या) दिलं तर उत्तर ट्रू येतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग तिथे ट्रूच धरतात. सी मधलं एटॉय हे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन आकड्याऐवजी कचरा मिळाला तर गुपचूप ० देतं, आणि जावास्क्रिप्टचं तसंच फंक्शन पार्सइंट ३० च्या पुढे काहीही चिकटलेलं असलं तरी ३० घेऊन मोकळं होतं, म्हणजे कोणी तीस मिनिटं म्हणून '३०मि' लिहिलं आणि कोड सेकंद मोजत असेल तर टाइमआउट तीस सेकंदांचा होतो आणि एरर कुठेच दिसत नाही. असं गप्प बसणारं पार्सिंग सगळ्यात वाईट. यॅमल या कॉन्फिग लिहायच्या फॉरमॅटच्या १.१ आवृत्तीत तर नॉर्वेचा दोन अक्षरी देशकोड (NO) अवतरण चिन्हात न घालता, म्हणजे कोट न करता लिहिला की तो 'नो' समजून फॉल्स होतो, २००९ च्या १.२ मध्ये हे सुधारलं पण बऱ्याच लायब्ररी अजून जुनेच नियम पाळतात, त्यामुळे शंका आली की सरळ कोट करावं.

की आणि व्हॅल्यू वेगळी करायला बरोबरच्या (=) चिन्हावर ओळ तोडायची तर फक्त पहिल्याच चिन्हावर तोडायची, कारण बेस६४ मधल्या (डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) सिक्रेटच्या, म्हणजे पासवर्डसारख्या गुप्त मजकुराच्या शेवटी तीच चिन्हं बऱ्याचदा असतात आणि ती गळली की लॉगिन का होत नाही ते कळता कळत नाही.

तपासणी प्रोग्राम सुरू होतानाच एकदा करावी, आणि व्हॅल्यू प्रोग्रामच्या आत पुढे स्ट्रिंग म्हणून न नेता आकडा, कालावधी, पत्ता अशा खऱ्या टाइपमध्येच न्यावी. अनोळखी 'की' आली तर तिथेच थांबावं, कारण स्पेलिंग चुकलेली 'की' दुर्लक्षित झाली तर आधीच ठरवलेली डिफॉल्ट व्हॅल्यू लागते आणि माणूस समजतो की आपलं सेटिंग चालू आहे. एररमध्ये कुठली 'की', काय मिळालं, काय हवं होतं हे तिन्ही लिहावं, आणि चुका एकेक करून न सांगता सगळ्या एकदम सांगाव्यात. पासवर्ड असलेली स्ट्रिंग मात्र कधीच जशीच्या तशी छापू नये, ती लॉगमध्ये जाऊन बसते.