माती खाणारं मूल: रक्तात लोह कमी की शिसं जास्त?

मूल फिकट दिसतं, चिडचिड करतं, जेवत नाही, भिंतीचे पोपडे नाहीतर अंगणातली माती तोंडात घालतं. अशा वेळी घरात आणि अंगणवाडीत पहिला अंदाज ‘रक्त कमी आहे’ हाच असतो आणि बहुतेकदा तो बरोबरही असतो. पण घराजवळ कधीकाळी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवलं जात असेल, तर नेमकी हीच लक्षणं शिशाच्या विषबाधेचीही असू शकतात. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेसारख्या औद्योगिक वस्त्यांलगत राहणाऱ्यांनी जागेचा जुना वापर जरूर विचारावा. शिसं कुजत नाही, विरघळून निघूनही जात नाही. धंदा बंद होऊन वर्षं लोटली तरी ते मातीच्या वरच्या थरातच राहतं.

लोहाची कमतरता हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या तपासण्यांतून कळते. दोन ते पाच वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. शिशाचं तसं नाही. हिमोग्लोबिन 12 आलं म्हणून शिसं नाही असं समजू नका. रक्तक्षय व्हायला शिसं बरंच वाढावं लागतं. मेंदूची हानी, म्हणजे लक्ष न लागणं, शिकण्यात मागं पडणं, त्याच्या फार आधी सुरू होते. त्यासाठी रक्तातल्या शिशाची वेगळी तपासणी सांगावी लागते. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात हातावरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढतो. म्हणून हात साबणानं धुवावेत आणि जास्त आकडा आला तर शिरेतलं रक्त घेऊन खात्री करावी. जागतिक आरोग्य संघटना 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपासूनच शिसं कुठून येतं ते शोधायला सांगते. सुरक्षित अशी पातळीच नाही.

दोन्ही एकत्र असणं सर्वांत घातक. लोह कमी असलं की आतडं ते जास्त ओढून घेऊ लागतं आणि त्याच वाटेनं शिसंही आत शिरतं. त्यात लहान मुलाचं शरीर पोटात गेलेल्या शिशातलं निम्म्यापर्यंत शोषून घेतं. मोठ्यांमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. खानापूरकडची माती लोहामुळेच लाल असते, पण ती खाल्ल्यानं मुलाच्या रक्तातलं लोह वाढत नाही.

अंगणवाडीतलं आठवड्यातून दोनदा 1 मिली सिरप (20 मिग्रॅ लोह) हा प्रतिबंधाचा डोस आहे. रक्तक्षय असेल तर डॉक्टर वजनानुसार रोजचा डोस ठरवतात. तो दूध-चहाबरोबर न देता लिंबू किंवा आवळ्यासोबत द्यावा. महिनाभर नीट देऊनही हिमोग्लोबिन साधारण 1 ग्रॅमनं वाढलं नाही, तर नुसतं सिरप बदलू नका. थॅलेसेमिया (आनुवंशिक रक्तविकार) आणि शिसं, दोन्हींची तपासणी करून घ्या.

शिशावर सिरपचा उतारा नाही. फरशी कोरड्या झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. बॅटरी किंवा भंगाराच्या कामाचे कपडे नि चपला घराबाहेरच ठेवा आणि वेगळे धुवा. खेळायच्या जागेवर बाहेरची स्वच्छ माती टाकून चांगली दाबा. पालेभाजी त्या मातीत लावू नका. रक्तातल्या शिशाची पातळी 45 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर गेली तर शिसं बाहेर काढणारी औषधं लागतात, पण त्याआधी मुलाला त्या जागेपासून दूर न्यावं लागतं. शिसं पोटात जातच राहिलं, तर या औषधांपैकी काही आतड्यातून आणखी शिसं शोषलं जायला मदत करू शकतात.